रशियाच्या युद्धातून आमच्या बागेत परतलेला नेपाळी : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री,
रत्नागिरी जिल्हा
यांस स. न. वि. वि.

मोहोराच्या दिवसांत बागायतदाराचं पत्र आलं म्हणजे तुडतुडे, थ्रिप्स, नुकसानभरपाई यांतलंच काहीतरी असणार, असं आपल्या कार्यालयाला वाटलं तर त्यात नवल नाही. हे पत्र बागेच्या राखणीला येणाऱ्या नेपाळी माणसांबद्दल आहे. त्यांना इथे मत नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल आपल्याला सहसा कोणी लिहीत नसावं.

दिवाळीच्या आगेमागे ती येतात. बागेतल्या खोपीत राहतात, फवारणीचे पाइप ओढतात, रात्री बॅटरी घेऊन बागेच्या दगडी गडग्याच्या कडेने फिरतात आणि पहाटे वानरांची टोळी उतरली की डबे बडवतात. बाग उतरली की पावसाआधी गावी जातात. मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरही त्यांच्याकडचे कितीतरी खलाशी आहेत. १ जूनला मासेमारी बंद झाली की तेही गाडी पकडतात. आंबा आणि मासळी हे दोन्ही धंदे यांच्यावाचून एक हंगाम चालवून दाखवा म्हटलं, तर आमच्यातला एकही शेठ पुढे येणार नाही.

आमच्याकडे दोन भाऊ येत. धाकट्याचा सगळा जीव फौजेत होता. आजा गोरखा पलटणीतला, त्याचं पेन्शन भारतीय दूतावासाच्या पोखऱ्याच्या कचेरीतून यायचं. त्या पेन्शनवर घराचे पत्रे चढले आणि पोरांची शाळा झाली. मोहोराआधी काम कमी असतं, तेव्हा हा पोरगा पाठीवर खताची गोण बांधून कातळावर धावायचा. १९४७ साली दहा गोरखा पलटणींपैकी सहा आपल्याकडे आल्या, चार ब्रिटनकडे गेल्या, आणि भारत, ब्रिटन व नेपाळ यांच्यात भरतीचा करार झाला. याचं गणित त्याच करारावर उभं होतं. आधी करोनाने भरती थांबली. मग जून २०२२ मध्ये आपल्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली : चार वर्षं नोकरी, पुढे शेकडा पंचवीस जण कायम. नेपाळ सरकारला हे जुन्या कराराला धरून वाटलं नाही आणि तिथली भरती अडली ती अडलीच. दोन देशांतला तो वाद मोठ्या माणसांचा. इथे मात्र एका पोराचं भरतीचं वय उलटलं.

मग मोबाइलवर एजंट भेटला. महिना दोन लाख, वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, नंतर रशियाचा पासपोर्ट. पासपोर्टचं आमिष अगदीच खोटं नव्हतं. मे २०२३ मध्ये पुतिन यांनी, सैन्यात वर्षाचा करार करणाऱ्या परदेशी माणसाला झटपट नागरिकत्व देण्याचा हुकूम काढलेला होता. पोराने थोरल्याला सांगितलं, दुबईला चाललोय. करार रशियन भाषेत होता, एक अक्षर वाचता आलं नाही, अंगठ्याऐवजी सही केली एवढंच. त्या डिसेंबरात नेपाळ सरकारने सहा नेपाळी मारले गेल्याचं जाहीर केलं, जानेवारी २०२४ मध्ये रशिया आणि युक्रेनसाठी कामाचे परवाने देणं बंद केलं. तोवर हा खंदकात पोचलेला होता.

तो जिवंत परतला. कसा निसटला ते तो सांगत नाही, मीही विचारत नाही. डाव्या हाताची दोन बोटं गेली आहेत. आंबा उतरवायची घळ, म्हणजे बांबूला बांधलेली जाळी, तोलून धरायला ती बोटं लागतात, म्हणून आता तो खाली बसून डेखासकट, म्हणजे देठासकट, फळं वेगळी करतो आणि तेही फार नीट करतो. मागच्या हंगामात शेजारच्या बागेत फवारणीला ड्रोन आणला होता. पोरंटोरं बघायला धावली. हा हातातली टोपली टाकून काजूच्या झाडाखाली पालथा पडला आणि डोक्यावर दोन्ही हात धरून, आवाज थांबल्यावरही कितीतरी वेळ तसाच राहिला. थोरला त्याच्याजवळ जाऊन नुसता बसला. त्या दिवसापासून शेजारी आदल्या रात्री फोन करून सांगतात, वहिनी, उद्या ड्रोन आहे. मग मी त्याला बाजाराला पाठवते.

आपण म्हणाल, माणूस नेपाळचा, युद्ध रशियाचं, यात रत्नागिरीचा काय संबंध? साहेब, तो गेला इथून आणि आला इथेच. शिवाय या जाळ्यात आपलीही पोरं सापडली होती. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने अशा एजंटांवर छापे घातले आणि जुलैत पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला. आणि भरतीचं दार बंद झालं की काय होतं, हे कोकणाला नव्याने सांगायला नको. १८९२च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. कॅम्प दापोलीत पेन्शनर महार शिपायांची वस्तीच होती. तिथले निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. पहिल्या महायुद्धातला थोडा काळ सोडला तर मधली जवळजवळ पन्नास वर्षं त्या घरांतल्या तरुणांनी काय केलं, हे मुंबईच्या गिरण्या-गोद्यांना विचारावं.

आता मागणं. हंगामाच्या सुरुवातीला आम्ही या माणसांचे फोटो आणि ओळखपत्रं पोलीस ठाण्यात देतो. चोरी झाली की पहिली उघडते ती हीच फाइल. तीच नोंद कामगार खात्याकडेही जाऊ द्या आणि तिच्यावर हंगामापुरतं कार्ड द्या, सरकारी दवाखान्यात चालेल असं. आज कामगारांच्या ई-श्रम नोंदणीला आधार लागतं, महात्मा फुले आरोग्य योजनेला रहिवास लागतो, आणि वर्षातले सात-आठ महिने इथे राबणाऱ्याकडे दोन्ही नसतं. अपघात विम्याचा हप्ता आम्ही बागायतदारांनी भरावा. हे वाचून माझ्यावर चिडणारे बरेच निघतील, निघू देत. आंबा महोत्सवाच्या फ्लेक्सना पैसा मिळतो, त्यातला थोडा काढून रत्नागिरी स्टेशनवर आणि मिरकरवाड्याच्या जेटीवर नेपाळीतून फलक लावा : परदेशी सैन्यातल्या नोकरीचा फोन आला तर कुणाला कळवायचं, नंबर कोणता. लिपी आपलीच आहे, छापायला अडचण नाही.

हे सगळं पावसाआधी व्हावं. त्याच्या पोटरीत अजून लोखंडाचा तुकडा आहे. एका रुग्णालयात कार्ड विचारलं, दुसरीकडे सांगितलेला खर्च त्याच्या हंगामाच्या पगाराबाहेरचा निघाला. मी निम्मा भरते म्हटलं तर तो ऐकत नाही. जूनमध्ये तो गावी जाईल. एजंटाचे फोन अजून येतात, असं थोरला सांगतो. या वेळी दुसऱ्या देशाचं नाव आहे.

आपली नम्र,
पावस परिसरातील एक आंबा बागायतदार