भरताचा कारखाना आणि कळण्याचे दळण

जळगाव

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

समोरासमोर बसलो की कारखान्याचा विषय निघतो, बाबा गप्प होतात आणि मी उगाच आवाज चढवतो. म्हणून चाळीस किलोमीटरवर असूनही हे पत्र लिहीत आहे. तयार भरीत पाकिटात भरून विकण्याचा बेत मी सोडला आहे.

त्यामागे बँकेचे कर्ज अडले एवढेच कारण नाही. यंत्राचे दरपत्रक 18 लाखांचे होते आणि सरकारी योजनेतून 35 टक्के अनुदान मिळेल या हिशेबावर मी सगळे बांधले होते. पण ते अनुदान कर्जाला जोडलेले असते आणि कर्जच मंजूर होत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. खरी अडचण वांग्यातच होती. भरीत पुरेसे आंबट नसते, त्यामुळे हवाबंद पाकिटात ते घराबाहेरच्या तापमानात टिकवायचे असेल, तर विषारी जंतूंची बीजे मारण्यासाठी पाकीट दाबाखाली 121 अंशांपर्यंत तापवावे लागते. भाड्याच्या यंत्रावर मी तसे करून पाहिले. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचा जो धुरकट वास आपण भरीत म्हणून ओळखतो, तो त्या दुसऱ्या शिजण्यात निघून गेला, तेल वर आले आणि रंग काळपट झाला. आंबटपणा वाढवला तर एवढी उष्णता लागत नाही, म्हणून चिंच घालून पाहिली. ती चव आईला दाखवण्याचे धाडस मला झाले नाही. गोठवून विकायचे तर उणे 18 अंशांची साखळी इथपासून ग्राहकाच्या घरापर्यंत अखंड हवी, आणि आपल्याकडची वीज किती भरवशाची आहे हे गिरणी चालवणाऱ्या बाबांना मी काय सांगावे! शिवाय चांगले भरताचे वांगे थंडीचे. उरलेले सात-आठ महिने यंत्राचे हप्ते कशातून फेडायचे, याचे उत्तर माझ्या वहीत कधीच नव्हते. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्ट मी प्रत्येकाला अभिमानाने सांगत असे. त्या मानांकनाने वांगे टिकत नाही, एवढे मात्र मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

गहाण ठेवण्यासाठी बाबांनी शेताची जी कागदपत्रे काढून दिली होती, ती सगळी माझ्याकडे सुरक्षित आहेत आणि शनिवारी परत आणत आहे. ती बँकेत गेली नाहीत याचा आता मला आनंदच वाटतो.

मग करणार काय, हा तुमचा प्रश्न असेल. भरिताची नमुन्याची पाकिटे मी पुण्यातल्या आपल्याकडच्या काही कुटुंबांना दिली होती. भरिताविषयी सगळे सभ्यपणे बोलले, पण जवळजवळ प्रत्येकाने विचारले की कळण्याचे पीठ मिळेल का. तिथल्या गिरणीत चार भाग ज्वारीला एक भाग सालासकट उडीद, तोही जरा जाडसर दळून द्या म्हटले, तर गिरणीवाला चेहऱ्याकडे पाहतो म्हणे. आपल्या गिरणीत हे दळण मी लहानपणापासून पाहतो आहे, आणि धंदा शोधत असताना ते एकदाही माझ्या डोळ्यांसमोर आले नाही.

ऑक्टोबरमध्ये एक-एक किलोची 40 पाकिटे पाठवली. 3 घरांतून भाकरी तुटते अशी तक्रार आली. चौकशी केली तेव्हा तिघांनीही पीठ महिनाभर ठेवल्याचे कळले. उडदाचा चिकटपणा असला तरी ज्वारीच्या शिळ्या पिठाची विरी, म्हणजे भाकरी धरून ठेवणारा गुण, जाते ती जातेच. तेव्हा साठा करायचा नाही. मागणी आधी घ्यायची, आठवड्यातून एकदाच दळायचे, दुसऱ्या दिवशी रवाना करायचे आणि पाकिटावर दळल्याची तारीख ठळक छापायची, असे ठरवले.

पण त्याहून सोपा मार्ग आईने दाखवला. फोनवर तू सहज म्हणालीस, ‘‘त्यांच्याकडे घरघंटी असेल तर पीठ कशाला पाठवतोस? दाणेच निवडून पाठव.’’ आई, तुझ्या त्या एका वाक्यावर मी दोन रात्री हिशेब मांडत बसलो. उन्हात चांगली वाळवून निवडलेली दादर ज्वारी आणि उडीद योग्य प्रमाणात मिसळून दिले, तर विरी जाण्याची भीतीच नाही आणि माल काही महिने ठेवता येतो. त्यामुळे आता दोन्ही ठेवणार आहे: घरघंटी असलेल्यांना दाणे, नसलेल्यांना ताजे पीठ. एका किलोला कच्चा माल साधारण 60 रुपयांचा पडतो. उलाढाल लहान असल्याने अन्नपदार्थांची साधी नोंदणी पुरली. यात श्रीमंती नाही, पण पहिल्या महिन्यापासून तोटाही दिसत नाही, आणि कर्ज तर नाहीच.

बाबांकडे दोन गोष्टी मागायच्या आहेत. शुक्रवारी दुपारनंतर गावचे दळण आटोपले की गिरणी मला द्यावी. नेहमीच्या दराने दळणाचे पैसे मी देईन आणि ते तुम्ही घ्यावेत. घरचे म्हणून सोडले, तर माझा हिशेब पुन्हा खोटा होईल. दुसरे म्हणजे, दगडाला टाकी केव्हा लावायची आणि पीठ हाताला किती गरम लागले की थांबायचे, हे मला शेजारी उभे करून शिकवावे. बारा वर्षे पुण्यात संगणकासमोर काढल्यावर हे विचारायला संकोच वाटतो, पण विचारतो आहे.

शनिवारी सकाळच्या बसने येतो. सोबत दादरचे दोन कट्टे असतील. ते उतरवायला बाबांनी पुढे येऊ नये, गुडघा अजून बरा नाही. शेजारी दिलेली मोठी चाळणी आईने तेवढी परत मागवून ठेवावी.

आपला आज्ञाधारक मुलगा