दोन्ही बाह्या एकाच हाताच्या

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेबद्दल तू रडत म्हणालीस, "आई, नाटात चित्रातच मार्क गेले. माझा हातच नाही चित्राचा." तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तू सहावीत होतीस. मी गिऱ्हाइकाच्या काठाच्या ब्लाउजपीसवर खडूने बाह्या आखून कात्री लावणार, तोच तू दप्तर खाली ठेवता ठेवता म्हणालीस, "आई, या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतील." बघते तर खरंच! पुढच्या मुंढ्याचा खोल गोल दोन्हीकडे एकाच बाजूला आला होता, आणि कापडाला उलट-सुलट असल्यामुळे एक बाही पालथी घालून भागलं नसतं. इतकी वर्षं शिवूनही मला दिसलं नाही, ते तुला उभ्या उभ्या दिसलं. ही आकृती आरशात कशी दिसेल, हा कागद दुमडला तर कोणता ठोकळा होईल, असंच तुमच्या पेपरात विचारतात ना? मग तुझ्यात ते नाही असं मी कसं मानू?

चूक माझी झाली. फी भरून मी तुला त्या क्लासला घातलं. तिथे पावसातलं स्टेशन, बाजार, जत्रा अशी चित्रं पाठ करून घेतली. प्रश्न वेगळा आला आणि तू तिथेही छत्र्याच काढून आलीस. तो क्लास आता बंद कर.

२०० पैकी ८० मार्क चित्र आणि रचनेचे, त्यातले ३० दिलेल्या साहित्यातून त्रिमिती रचना करण्याचे. ते पाठ करून कसं येणार? पुठ्ठा कापायचा, उभा करायचा, पडला तर का पडला ते बघायचं. चित्राचंही तसंच. रोज समोरची एकच वस्तू काढ, आधी पुरती बघून. माझ्या मशीनचं तू काढलेलं चित्र मी जपून ठेवलंय. देखणं नाही, पण पट्टा खालच्या मोठ्या चाकापासून वरच्या चाकापर्यंत जिथून जातो तिथूनच गेलाय.

परीक्षा पुन्हा देता येते आणि सगळ्यात चांगला स्कोअरच धरतात. आपल्याकडे बी.आर्क.ला जेईईचा पेपर २ सुद्धा चालतो.

शनिवारी बाबा एसटीने येतायत. त्यांच्याबरोबर कार्डशीट, कटर आणि ती जुनी वही पाठवते. जेवण वेळेवर कर.

तुझी,
आई