काकू, तुम्ही पुस्तक परत घेतलं नाहीत

ती. काकूंना सा. न.

'थँक्यू काकू' आणि हात जोडल्याची खूण ग्रुपवर टाकून झालीये, पण तेवढ्यानं भागेना. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

आपल्या वाचनगटात काझुओ इशिगुरो यांची 'नेव्हर लेट मी गो' ही कादंबरी निवडली तेव्हा सगळ्यांत आधी हात मीच वर केला होता. विज्ञान कादंबरी म्हणजे यानं, रोबो, परग्रह अशी माझी समजूत. निघालं भलतंच. १९९०च्या दशकातलं इंग्लंड, निवासी शाळा, आणि जुन्या आठवणी सांगत बसलेली एकतीस वर्षांची कॅथी. हळूहळू कळतं की ही मुलं क्लोन आहेत, मोठी झाली की एकेक अवयव काढून घेण्यासाठीच वाढवलेली. मरण्याला त्यांच्यात 'कम्प्लीट' होणं म्हणतात. तिथं मी पुस्तक मिटलं. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदाचं तीनदा झालं होतं, आणि किडनी कोण देणार हा विषय टाळत आम्ही सगळे मुकाट्यानं जेवत होतो.

परत द्यायला आले तेव्हा तुम्ही शेवग्याच्या शेंगा मोडत होतात. पुस्तकाकडे बघितलंही नाहीत. "रात्री साडेनऊला फोन करते. मी वाचेन, तू नुसती ऐक."

रोज दहा पानं, मराठीत, तोंडच्या तोंडी. 'कम्प्लीट'ला मात्र अडलात. "आमच्या वॉर्डात आम्ही 'गेले' म्हणायचो, केसपेपरवर 'एक्स्पायर्ड' लिहायचो," म्हणालात, आणि बराच वेळ पुढचं वाक्य आलंच नाही.

चर्चेच्या दिवशी सगळे एकाच मुद्द्यावर तुटून पडले: कुंपण नाही, पहारा नाही, कॅथी तर गाडी घेऊन देशभर हिंडते, मग ही मंडळी पळून का जात नाहीत? लेखकाची चूक, असा निकालही लागला. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "नवव्या वर्षी मला सांगितलं होतं, नर्सिंगला जायचं, भावाची फी भरायची. मी कुठं पळाले?" चिवड्याच्या ताटलीकडे कुणाचा हात गेला नाही. (कादंबरीच्या शेवटी 'मॅडम' या पात्राच्या घरातलं ते लांबलचक स्पष्टीकरण मला अजूनही सैल वाटतं, त्यावर आपलं भांडण बाकी आहे.)

त्या रात्री मी बाबांना सरळ विचारलं, "माझी चालेल का?" ते रागावले, मग रडले. तपासण्या सुरू झाल्यात, रक्तगट जुळलाय. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला एकटीला आत बसवून विचारलं, घरचं कुणी दबाव टाकतंय का? नाही म्हणाले, आणि एकदम कॅथी आठवली. तिला हे कुणीच विचारलं नव्हतं.

पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. एका पानावर वरणाचा डाग पडलाय, तो माझा. रविवारी आणते.

तुमची,
फोनवरची श्रोती