मधपेटीजवळ काडी कोण ओढेल?

कोल्हापूर,
शुक्रवार

प्रिय सुध्या,

तुझा फोन आला तेव्हा माझा डावा डोळा बटाट्याएवढा सुजला होता, म्हणून धड बोललो नाही. कारण सांगतो, हसायचं नाही.

पाटगावला गेलो होतो. गारगोटीच्या पुढं, कडगाव ओलांडून, वेदगंगेच्या धरणापाशी. सकाळी एका लग्नाला तोंड दाखवून तसाच निघालो, कानात अत्तराचा फाया. मधमाश्यांच्या पेटीजवळ पोचलो तर तिथले मामा म्हणाले, "पावनं, वास मारून आलासा व्हय? आता माश्या सोडत न्हाईत." नाहीच सोडल्या.

महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 साली सरकारी योजनेत 'मधाचं गाव' झालं, त्यानंतर आपल्या जिल्ह्यात पाटगाव. मला वाटलेलं, अजून एक सरकारी फलक. पण मामांनी पेटी उघडली नि मी गप्प झालो. आत सातेरी माशी. ती ढोलीत, कपारीत, अंधारात राहणारी, म्हणून पेटीत रमते. आग्या माशीचं तसं नाही, तिला उघडी फांदी नाहीतर कडाच लागतो. खालच्या कप्प्यात पिल्लं, वरच्यात मध. मामांनी वरची एक चौकट उचलली, माश्या हलक्या हातानं झटकल्या, मेणाची झाकणं सुरीनं सोलली आणि चौकट यंत्रात घालून गरागरा फिरवली. मध पत्र्यावर उडून तोटीतनं खाली. पोळं जसंच्या तसं परत पेटीत! आपल्या लहानपणी काय चालायचं आठव. धूर करायचा, पोळं ओरबाडायचं, फडक्यात अळ्यांसकट पिळायचं. मध गढूळ, माश्या देशोधडीला, आणि पेटता चूड गवतात पडला तर वणवा वेगळाच.

वणव्याचंच तर तुला सांगायचंय. नवं गवत चांगलं फुटतं म्हणून कुणी काडी लावतं, कुणी विडी टाकून जातं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगर काळा. मामा म्हणाले, "पयलं आम्ही लांबनं बघत बसायचो. आता रानाच्या कडंला माझ्या पेट्या हाईत. धूर दिसला की डहाळी घिऊन मीच पयला पळतोय." जांभूळ, हिरडा फुलला तरच पेटी भरणार. कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. तोवर ती जळून चालेल कशी? मला हे सगळ्या भाषणांपेक्षा पटलं.

पण नुसत्या मधावर चूल पेटते असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. पावसाळ्यात उलट माश्यांनाच साखरेचा पाक पाजावा लागतो. मेणकिडा माजला की अख्खी वसाहत पेटी सोडून उठून जाते. घर चालतं ते भात, नाचणी, काजू आणि दोन म्हशींवर. त्यात गवे. राधानगरीचं अभयारण्य 1958 साली त्यांच्यासाठीच झालं, ते बरंच झालं, पण अभयारण्याची हद्द गव्याला कोण दाखवणार? भात पोटरीला आलं की मामांच्या रात्री शेतातल्या माळ्यावर राखणीत जातात. "मध तेवढा गवा खात न्हाई," म्हणाले, आणि स्वतःच हसले.

खरी रड भावाची. गेल्या साली एका व्यापाऱ्यानं त्यांचा मध डब्यावर उचलला, पातळ आहे म्हणून पैसे कापले, नि चकचकीत बाटल्यांत भरून विकला. सातेरीचा मध पातळच असतो रे! आजऱ्याच्या घनसाळला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी घनसाळ म्हणून दुसराच तांदूळ गळ्यात मारणारे आहेतच. नाव मोठं झालं की शेतकऱ्याचा खिसा भरतोच असं नाही.

म्हणून काम सांगतो. तुमच्या पुण्याच्या सोसायटीत चाळीस घरं आहेत ना? मामांकडं सध्या तीस किलो आहे. किती बाटल्या खपतील ते विचारून कळव. पैसे थेट त्यांच्या खात्यावर, मधे मीसुद्धा नको. वहिनींना सांग, थंडीत मध तळाशी दाणेदार झाला तर साखर घातली म्हणून परत पाठवायचा नाही, कोमट पाण्यात बाटली ठेवायची. आणि मेमध्ये येशील तेव्हा दोघं मिळून पाटगावला जाऊ. जुना पांढरा सदरा घेऊन ये, काळा नको.

तुझा,
बंड्या