ख, काना, ज

काकू,

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही हात झटकता आणि "धाकट्याचा अभ्यास काय म्हणतोय?" असं विचारून विषय वळवता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. आता वळवून दाखवा विषय.

गुलियन बॅरे, म्हणजे जीबीएस, हे नाव आता आपल्या इमारतीतल्या पोराटोरांनाही पाठ झालंय. तेव्हा मला ते धड उच्चारता येत नव्हतं. आधी ह्यांच्या पायांना मुंग्या आल्या, मग जिना चढवेना, मग हातातला पेला सुटायला लागला. शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून आपल्या नसांवर तुटून पडते आणि लुळेपणा पायांकडून वर सरकत काही दिवसांत छातीपर्यंत पोचू शकतो, हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी आम्ही एका डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा "कामाचा ताण आहे, आराम करा" एवढंच ऐकून परतलो. त्यांचं नाव घेत नाही. पण या आजारात गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली तर पाय बहुधा उडतच नाही, आणि ते बघायला अर्धं मिनिटही लागत नाही, एवढं लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी श्वास कमी पडला आणि ह्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं.

त्या आठवड्यात माणसांची दोन टोकं बघितली. एकीकडे "काही लागलं तर हक्काने सांग" म्हणणारे होते. हक्काने सांगितलं, तर फोन उचलेनात. एक जवळचे नातेवाईक आयसीयूत भेटायला आले आणि ह्यांच्या पायथ्याशी उभं राहून, चांगल्या खणखणीत आवाजात, "आता काही खरं दिसत नाही" म्हणाले. जीबीएसमध्ये शरीर लुळं पडतं, पण माणूस आतून सहसा पूर्ण जागा असतो. ह्यांनी ते वाक्य शब्दन् शब्द ऐकलं होतं. पुढे बोलायला यायला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याचा हिशोब मांडला, तो वेगळा विषय.

दुसरीकडे आपली इमारत. कोणी रात्रीच्या पाळ्या लावल्या, कोणी धाकट्याला शाळेत पोचवलं, तिसऱ्या मजल्यावरच्या दादांनी कागदपत्रांची पिशवीच माझ्या हातातून काढून घेतली. आणि ज्यांना मी कधी बघणार नाही अशीही माणसं होती. ह्यांना ५ दिवस इम्युनोग्लोब्युलिन नावाचं जे औषध चढवलं, ते हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातला प्लाझ्मा एकत्र करून बनवतात. बाटलीतला एकेक थेंब पडताना मी बघत बसायचे आणि मनात यायचं, यातलं कोण कुठलं असेल? घाईत रक्त देऊन कामाला पळालेलं कोणीतरी.

पण काकू, मला लिहायचंय ते तुमच्या पुठ्ठ्याबद्दल.

बारावा दिवस होता. ह्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं आणि आम्ही सगळे ते दुःखाचं समजून ह्यांना धीर देत होतो. तुम्ही पाच मिनिटांसाठी आत आलात, ह्यांच्याकडे नुसतं बघत राहिलात आणि बाहेर येऊन म्हणालात, "अगं, त्याला काहीतरी सांगायचंय. वर्गातली पोरं अशीच बघतात."

दुसऱ्या दिवशी तुम्ही जुन्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन आलात. त्यावर जाड स्केचपेनने वर्णमाला, पहिलीच्या फळ्यावर असते तशी. वर स्वर, खाली क-ची ओळ, च-ची ओळ, ट-ची ओळ. उजव्या कडेला काना, मात्रा, वेलांटी, उकार. ह्यांच्या पापण्या नीट मिटत नव्हत्या, पण बुबुळं हलत होती. "ओळ बरोबर असली की डोळे वर कर," तुम्ही सांगितलंत. ओळ सापडली की मग त्या ओळीतलं अक्षर. एकेक अक्षर विचारत बसलं असतं तर पस्तीस-चाळीस वेळा बोट फिरवावं लागलं असतं. तुमच्या पद्धतीने फार तर दहा-बारा वेळांत काम. कवर्ग-चवर्ग आम्ही शाळेत घोकले, त्यांचा असा उपयोग होईल हे मला तरी सुचलं नसतं.

तुमचं बोट क-च्या ओळीवर गेलं. डोळे वर. क? नाही. ख? वर. मग काना. मग च-ची ओळ, तिसरं अक्षर.

खाज.

बारा दिवस मी मनाची काय काय तयारी करत होते! ते मुलांबद्दल काही सांगतील, माझ्याबद्दल काही सांगतील, निरोपाचं काही असेल. आणि नवऱ्याच्या पाठीला खाज सुटली होती. सिस्टरांनी कुशीवर वळवलं, तुम्ही पदर खोचून खाजवलंत, आणि ह्यांचे डोळे असे मिटायला आले की मी तिथेच हसत सुटले आणि मग रडत सुटले. त्या दिवसापासून ते पुन्हा घरातलं माणूस झाले. तोवर सगळे त्यांच्याबद्दल बोलत होते, त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. मीसुद्धा नाही.

परवा कुठेतरी वाचलं, १९१६ साली या आजारावर लिहिणारे फ्रेंच डॉक्टर तिघं होते. गियां (आपण म्हणतो ते गुलियन), बारे आणि स्ट्रोल. स्ट्रोल आजाराच्या नावातून कधीतरी गळून गेले. मला लगेच तुम्ही आठवलात. ह्यांना कोणी बरं केलं असं लोक विचारतात, तेव्हा मी इंजेक्शनचं नाव सांगते, मोठ्या डॉक्टरांचं सांगते. ते खरंच आहे, पण पुठ्ठा राहून जातो. यापुढे नाही राहणार.

एक तक्रार मात्र आहे. पुठ्ठ्यावर तुम्ही ळ लिहायला विसरलात. तीस वर्षं पहिलीच्या वर्गावर काढलेली बाई आणि ळ नाही! ह्यांना 'कंटाळा' लिहायचं होतं, 'कंटा'पर्यंत आले आणि अडले. मी म्हटलं, ल चालेल. डोळे ढिम्म हलेनात. श्वास यंत्राचा, पण शुद्धलेखन स्वतःचं. संध्याकाळी तुम्ही आलात आणि जीभ चावून कोपऱ्यात बॉलपेनने ळ काढलात.

आता ते काठी घेऊन खालच्या बाकापर्यंत जातात. पावलं अजून नीट उचलत नाहीत. दुखणं पायांपासून सुरू झालं होतं आणि जाताना पायच सगळ्यात शेवटी सोडतंय.

पुठ्ठा मागायला येऊ नका, माझ्याकडे नाही. गेल्या आठवड्यात फेरतपासणीला गेलो, तेव्हा आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती, मी बसायचे त्याच. तिच्या वडिलांच्या तोंडात नळी आहे. तिला पुठ्ठा दिला आणि बोट कसं फिरवायचं ते दाखवलं. देण्याआधी तुमच्या ळ-वरून स्केचपेन फिरवून घेतलं, फिका झाला होता.

तुमची,
दोन नंबरवाली