द्रासमधल्या त्या अनोळखी माणसांना

जूनमध्ये आईला घेऊन द्रासच्या कारगिल युद्ध स्मारकावर गेलो होतो. समोरच तोलोलिंग. १३ जून १९९९ ला आपल्या जवानांनी परत घेतलेलं ते शिखर खालून बघताना मान अवघडते. हे लोक रात्री, गोळीबारात चढले! आई भिंतीवरची नावं एकेक करून वाचत होती. आपल्याकडचं आडनाव दिसलं की थांबायची. मग एकदम मटकन खालीच बसली. विरळ हवा की रडू, मलाही कळेना.

एका जवानाने धावत खुर्ची आणली. कुणा ताईंनी थर्मासमधलं गरम पाणी पाजलं. "माँजी, आराम से पढ़िए," एवढंच तो म्हणाला. गडबडीत दोघांची नावं विचारायची राहिली. मनापासून आभार. आईने उरलेली भिंतही वाचली, खुर्ची सरकवत सरकवत.