हातातलं घड्याळ हातातून निघालं पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी आर्वी तालुक्यातला शेतकरी. कपाशी, तूर आणि थोडं सोयाबीन. वय एकसष्ट. माझ्या डाव्या मनगटावर गेली चार वर्षं एका नामांकित स्विस कंपनीचं घड्याळ आहे. ते मी विकत घेतलेलं नाही. माझा धाकटा भाऊ जहाजावर इंजिनिअर होता, निवृत्त होऊन आला तेव्हा त्यानं ते माझ्या हातात घातलं. त्याच्या शिक्षणासाठी १९८८ साली आम्ही नाल्याकाठचं दोन एकर विकलं होतं, ते तो विसरला नव्हता. "दादा, कपाटात ठेवू नको, रोज घाल," एवढंच म्हणाला. म्हणून मी ते रोज घालतो, वावरातही घालतो. त्याची किंमत मला नंतर कळली, पावणेचार लाख. तोवर सवय झाली होती.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी नाल्यावर बैल धुतले. संध्याकाळी खांदशेकणी झाली. तूप आणि हळद हातावर घेऊन बैलांचे खांदे मळले, पळसाच्या पानानं शेकले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हटलं. हे सगळं मी घड्याळ न काढता केलं. रात्री काढायला गेलो तर चेनचं लॉक उघडेना.

या लॉकला दोन्ही बाजूंना एकेक बारीक बटण असतं. दोन्ही एकदम दाबली की आतला कोयंडा सुटतो आणि पात्यांची घडी उलगडते. माझं उजवीकडचं बटण आत गेलं ते बाहेरच आलं नाही. डावीकडचं दाबलं जाईना. पुतण्या म्हणाला, "मोठे बाबा, मी पाहतो," आणि त्यानं बारीक पेचकस घेऊन पात्याच्या फटीत घातला. पेचकस घसरला, चेनवर ओरखडा उठला, पातं किंचित वाकलं, लॉक होतं तसंच राहिलं. मी त्याला थांबवलं आणि घड्याळासकट झोपलो. तीच चूक झाली. त्याच रात्री मोटारसायकल काढून आर्वीला जायला हवं होतं.

सकाळी पळसाच्या फांद्या आणायला वावरात गेलो. धुऱ्यावरच्या झुडपात गांधीलमाश्यांचं पोळं होतं, ते दिसलं नाही. डाव्या हातावर दोन ठिकाणी चावल्या, एक तर मनगटाच्या अगदी वर. अर्ध्या तासात हात कोपरापर्यंत सुजला आणि चेन मांसात रुतली. बोटं गार पडली, मुंग्या येऊ लागल्या.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं इंजेक्शन दिलं आणि माझ्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं झालेलं नख लाल व्हायला वेळ लागत होता. "काका, घड्याळ आधी काढा, बाकी नंतर पाहू," ती म्हणाली. अंगठी कापायची छोटी कातरी तिच्याकडे होती, पण या पोलादावर ती चालली नाही. बाहेर उभ्या असलेल्या एका भल्या माणसानं सुचवलं की समोर वेल्डिंगचं दुकान आहे, ग्राइंडरनं कापून टाकू. हेतू चांगला होता, पण ग्राइंडरखाली धातू किती तापतो ते ज्यानं नांगराचा फाळ घासला आहे त्याला माहीत असतं. चेन आणि कातडी यांच्यात कागद सरकायला जागा नव्हती.

मी आर्वीत आमच्या जुन्या घड्याळवाल्या काकांच्या घरी गेलो. दुकान बंद होतं, पोळा होता, ते पुरणपोळीच्या ताटावर बसले होते. माझा हात पाहून ताट तसंच ठेवून उठले. वय चौऱ्याहत्तर, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. पुढचं मी जरा सविस्तर लिहितो, कारण त्यातलं पुष्कळ कुणाच्याही उपयोगी पडेल.

त्यांनी घाई केली नाही. उशी रचून माझा हात खांद्याच्या वर ठेवायला लावला आणि शेजारून बर्फ आणवून फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं धरला. तेवढ्यात डोळ्याला भिंग लावून लॉक पाहिलं आणि सोडून दिलं. पुन्हा त्याला हातच लावला नाही. मला म्हणाले, "भाऊ, कुलूप अडकलं त कुलूप कायले फोडाचं? बिजागरीचा स्क्रू काढू ना."

चेनच्या कड्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. काही कड्यांना बाजूनं बारीक स्क्रू असतो, काहींना नुसती पिन. पिन असेल तर कडीच्या आतल्या अंगाला बहुतेक वेळा बाणाची खूण असते, त्या दिशेनं पिन बाहेर ढकलायची. माझ्या घड्याळाला स्क्रू होते. पण ते कारखान्यात डिंकासारखं काहीतरी लावून घट्ट केलेले असतात आणि जोर लावला की खाच तुटते. काकांनी पेचकसाचं टोक पाणदगडावर घासून खाचेत बरोबर बसेल असं केलं. स्पिरिटच्या दिव्यावर ते टोक तापवून खाचेत टेकवलं आणि थांबले. कडीखाली त्यांनी चामड्याचा पातळ तुकडा कसाबसा सरकवला होता. दोनदा स्क्रू हलला नाही. तिसऱ्यांदा हलला. चेन सुटली तेव्हा माझ्या मनगटावर कड्यांचे ठसे रुपयाच्या नाण्याएवढे खोल होते. बोटांत रक्त परत आलं तशी आग झाली, तरी त्या आगीनं मला बरंच वाटलं.

घड्याळ निघाल्यावर मी परत आरोग्य केंद्रात गेलो आणि तिथे दोन तास बसवलं गेलो. दुपारी काकांकडे आलो तोवर त्यांनी चेन घड्याळाच्या डबीपासून, म्हणजे यंत्र बसवलेल्या भागापासून, वेगळी करून लॉक कोमट साबणाच्या पाण्यात ठेवलं होतं. डबी पाण्यात घातली नाही. घड्याळ वॉटरप्रूफ म्हणून विकलेलं असलं तरी गरम पाणी त्याच्या रबरी वायसरला चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. मऊ ब्रशनं आणि लाकडी काडीनं त्यांनी जे बाहेर काढलं ते वाटीत काळंपिवळं दिसत होतं. तूप, हळद, कापसाची तूस आणि आमची माती.

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलो आहे. तिथे मातीच्या तासाला जे शिकलो ते मला त्या वाटीत दिसलं. आपली काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसून घट्ट होते. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्या त्यामुळेच. नाल्यावर ती चिखल होऊन बटणाच्या फटीत शिरली, वर तूप बसलं, रात्रीतून वाळली. बटणामागची स्प्रिंग केसाएवढी बारीक असते, ती या गाऱ्याला ढकलू शकली नाही. आणि हे एका दिवसाचं काम नव्हतं. चार वर्षांचा घाम आणि खताची पूड आधीच आत बसलेली होती. आपण टाकतो तो एमओपी पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. स्टेनलेस स्टीलवर क्लोराइड साचून राहिलं की तेही खड्डे पाडून गंजतं. माझ्या लॉकच्या आत तसे दोन ठिपके काकांनी भिंगातून दाखवले.

लॉक साफ झाल्यावर डावीकडचं बटण चालू लागलं. उजवीकडची स्प्रिंग मात्र ताण गमावून बसली होती आणि पुतण्याच्या पेचकसानं वाकलेलं पातंही नीट बसत नव्हतं. पातं काकांनी सरळ केलं. स्प्रिंग त्यांच्याकडे नव्हती.

संपादक महोदय, पत्र लिहिण्याचं कारण यापुढचं आहे. मी नागपूरच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. तिथल्या मुलीनं नम्रपणे सांगितलं की स्प्रिंग वेगळी मिळत नाही, पूर्ण लॉक बदलावं लागेल, त्यासाठी चेन मुंबईला जाईल, सहा ते आठ आठवडे लागतील आणि अडतीस हजार रुपये होतील. स्प्रिंग नुसती विकत द्या, बसवणारा आमच्याकडे आहे, असं मी म्हटलं. बाहेरच्या कारागिराला सुटे भाग देण्याचं धोरण नाही, असं उत्तर मिळालं. शिवाय बाहेरच्या माणसानं चेन उघडल्याची नोंद त्यांनी कागदावर केली. ज्या माणसानं माझा हात वाचवला त्याची नोंद त्या कागदावर तक्रारीसारखी झाली, याचं मला फार वाईट वाटलं.

आमच्या वडिलांकडे एचएमटीचं जनता होतं. १९६१ साली बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानं एचएमटीनं घड्याळं काढायला सुरुवात केली आणि ती गावोगावी पोचली. त्यांच्याबरोबर दुरुस्ती करणारेही तालुक्या-तालुक्यात उभे राहिले, कारण मेनस्प्रिंग, चावीची दांडी, काच हे सगळं बाजारात मिळायचं. काका त्या घड्याळांवरच शिकले. २०१६ साली सरकारनं तो उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला, तरी काकांच्या खणात जुने भाग आजही आहेत आणि वडिलांचं घड्याळ आजही चालतं. पावणेचार लाखांच्या घड्याळाला जे मिळत नाही ते त्या साध्या घड्याळाला मिळतं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेतीची यंत्रं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं तिनं घेतली. ट्रॅक्टर त्यात आहे, याचा मला शेतकरी म्हणून आनंद आहे. घड्याळाचं त्यात नाव नाही. ते घ्यावं, अशी माझी मागणी आहे. घड्याळ विकणाऱ्या प्रत्येक कंपनीनं किमान लॉक, त्याच्या स्प्रिंगा, चेनचे स्क्रू आणि पिना एवढं तरी कोणत्याही कारागिराला विकलंच पाहिजे. यंत्राच्या आतल्या भागांबद्दल त्यांच्या अटी असतील, त्यावर मी बोलत नाही. पण जी वस्तू माणसाच्या अंगावर कुलूप लावून बसते, तिचं कुलूप उघडण्याचं साधन एका शहरातल्या एका खोलीत ठेवता येणार नाही. या विषयावर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. इतरांनीही नोंदवावी.

हा श्रीमंताचा प्रश्न आहे, असं मला दोघांनी तोंडावर सांगितलं. मला ते पटत नाही. साप चावला तर पहिल्यांदा अंगठी, बांगडी, कडं, घड्याळ काढा, असं आरोग्य खातं सांगतं, कारण सूज चढल्यावर ते निघत नाही. आपल्याकडे पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंत वावरात साप असतात. पाचशे रुपयांच्या घड्याळाच्या चेनलाही हेच लॉक असतं आणि त्यातही हीच माती शिरते. आमच्या गावातल्या निम्म्या पोरांच्या मनगटावर अशा चेना आहेत. मोटारपंपाच्या स्टार्टरला हात घालतानाही त्या काढत नाहीत, ते आणखी वेगळं संकट.

म्हणून वाचकांना एवढंच सांगतो. आठवड्यातून एकदा लॉक उघडून मऊ ब्रशनं साफ करा. बटण जड लागायला लागलं की त्याच दिवशी दाखवा. अडकलंच तर सुरी, पेचकस, पक्कड घालू नका. रॉकेल आणि पेट्रोलही नको, ते आत गेलं तर वायसर खराब होतात. बोटाला साबण लावून बटण हळूहळू दाबून सोडा, पंधरा-वीस वेळा. मोकळं झालं नाही तर लॉक सोडून कडीकडे किंवा डबीजवळच्या स्प्रिंगच्या पिनेकडे वळा, आणि ते काम जाणत्या माणसाकडून करून घ्या.

आणि आयटीआय चालवणाऱ्यांना एक विनंती. आमच्या काकांच्या हाताखाली कोणी शिकत नाही. दोन मुलं आली होती, मोबाइल दुरुस्तीकडे गेली, त्यांचा दोष नाही, पोट तिकडे भरतं. पण वर्ध्याच्या किंवा आर्वीच्या आयटीआयनं वर्षातून पंधरा दिवस जरी काकांना बोलावून मुलांपुढे बसवलं, मानधन दिलं, तर ते येतील. मी विचारलं आहे. "बोलावलं त जाईन," म्हणाले.

माझी चेन सध्या कपाटातल्या डब्यात आहे, अर्धं लॉक चालू आणि अर्धं बंद. भावाला फोन करून सगळं सांगितलं, तो बराच वेळ बोलला नाही. घड्याळ मी रोज घालतोच. काकांनी त्याला एकशेवीस रुपयांचा कापडी पट्टा लावून दिला आहे, साध्या बकलचा. सहा वर्षांच्या नातीला काढायला सांगितलं, तिनं दहा मोजायच्या आत काढून दाखवला.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा